डायनॅमिक व्हीएलॅन लावावं की पोर्टवर हातानेच द्यावं? माझं मत: लावाच

धागाकर्ता:
व्हीएलॅन म्हणजे एकाच नेटवर्क स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क, आणि डायनॅमिक म्हणजे ते पोर्टला हाताने न देता कोण जोडलंय ते बघून आपोआप मिळणारं. आमच्या कॉलेजात दर जूनला लॅब हलतात, टेबलं इकडची तिकडे होतात आणि मग मी कन्सोल केबल घेऊन रॅकसमोर, हा पोर्ट अकाउंट्सचा, तो परीक्षा विभागाचा. मागच्या वर्षी एक पोर्ट बदलायचा राहिला आणि पोरांच्या लॅबमधलं एक मशीन आठवडाभर अकाउंट्सच्या व्हीएलॅनमध्ये होतं, कुणाला पत्ताच नाही. हे मला खूप लागलं. आता ८०२.१एक्स लावलंय, म्हणजे पोर्ट उघडण्याआधी ओळख मागणारी पद्धत. स्विच रेडियस सर्व्हरला (लॉगिन तपासणारा सर्व्हर) विचारतो, सर्व्हर माणूस ओळखून तीन गोष्टी परत पाठवतो: टनेल-टाइप १३ (म्हणजे व्हीएलॅन), टनेल-मीडियम-टाइप ६ (म्हणजे ८०२ नेटवर्क) आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीमध्ये व्हीएलॅनचा नंबर किंवा नाव. फक्त ते व्हीएलॅन स्विचवर आधी बनवलेलं हवं, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही पोर्ट उघडत नाही, यात माझी अख्खी दुपार गेली.

प्रतिसाद १:
नाही पटलं. सिस्कोचं व्हीएमपीएस (मॅक ॲड्रेस बघून व्हीएलॅन देणारी जुनी सोय) होतं तेव्हापासून बघतोय, मॅक ॲड्रेसची, म्हणजे नेटवर्क कार्डांच्या नंबरांची, यादी फाइलमध्ये लिहा, टीएफटीपीने (फाइल पाठवायची साधी पद्धत) चढवा, नवीन मशीन आलं की परत फाइल उघडा. काम कमी झालंच नाही, फक्त रॅकवरून फाइलमध्ये गेलं. आणि तुमच्या त्या ८०२.१एक्समध्ये प्रिंटरचं काय? त्याला लॉगिन येत नाही. सिस्कोवर डिफॉल्टला स्विच ३० सेकंदांनी एक असं तीनदा विचारतो, म्हणजे दीड मिनिट गेल्यावर मॅक ॲड्रेस बघून ओळखण्यावर येतो, तोवर डीएचसीपीकडे आयपी पत्ता मागून मागून मशीन १६९.२५४ वर, म्हणजे स्वतःच घेतलेल्या बिनकामाच्या पत्त्यावर, जाऊन बसलेलं असतं. लोक फोन मलाच करतात हो.

प्रतिसाद २:
दीड मिनिटाचं सांगताय ते खरंय, पण टीएक्स-पिरियड (दोनदा विचारण्यामधले सेकंद) कमी करता येतो की, मी १० वर ठेवलाय. माझी हरकत वेगळी आहे. मॅकवर व्हीएलॅन देणं म्हणजे सुरक्षा नाही, प्रिंटरच्या मागे स्टिकरवर मॅक छापलेला असतो, तो लॅपटॉपला दिला की झालं. त्यामुळे प्रिंटरना वेगळं व्हीएलॅन, तिथून फक्त प्रिंट सर्व्हरपर्यंत वाट, आणि माणसांच्या मशीनना ओळखीसाठी डिजिटल सर्टिफिकेट. मॅकची यादी सगळ्यांना लावणार असाल तर हातानेच द्या, ते निदान प्रामाणिक तरी आहे.

धागाकर्ता:
स्टिकरचं एकदम मान्य, प्रिंटर आजच वेगळे काढतो. पण हाताने द्या हे नाही. पोर्टला माणूस कळत नाही, माझी खरी अडचण तीच आहे.

प्रतिसाद १:
आणि लाइट गेली तर? चालू पोर्ट सर्व्हर बंद पडला तरी टिकतात, मान्य, पण लाइट येते तेव्हा सगळे पोर्ट एकदम विचारायला लागतात आणि सर्व्हर अजून बूटच होत असतो. परीक्षेच्या दिवशी हे भोगलंय मी.

धागाकर्ता:
त्यासाठी क्रिटिकल व्हीएलॅन आहे ना. सर्व्हर मेला तर पोर्ट ठरलेल्या व्हीएलॅनमध्ये उघडतो, सर्व्हर परत आला की पोर्टची परत ओळख घ्यायची, दोन ओळींचं कॉन्फिग. शिवाय रेडियस एका मशीनवर ठेवायचाच नाही, दुसरा वेगळ्या युपीएसवर.

प्रतिसाद १:
दुसरा युपीएस मंजूर करून घ्या आधी, मग बोलू. तोवर माझे ४८ पोर्ट हातानेच, आणि प्रत्येकावर डिस्क्रिप्शन लिहिलेलं.