मदत हवी आहे: सड्यावर सोमवारी जेसीबी येतोय, भेकांचं काय करू?

कर्वेनगरकर
तातडीचं आहे. काकांनी होमस्टेसाठी सडा (कातळाचं पठार) सपाट करायचं ठरवलंय. पहिला पाऊस झालाय, कातळावरच्या खळग्यांत भेक (खरखरीत कातडीचे बेडूक) जमलेत, अंडीही आहेत. हा भेक जगात दुसरीकडे कुठेच नाही. मी पुण्यात अडकलोय, सुट्टी मिळत नाही. काम थांबवायचा मार्ग सांगा, लवकर.

मुळशीचा_मोहन
सडा कुठला? कास, कोयना की मुळशी? गाव तरी लिहा!

कर्वेनगरकर
आंबोली, अजून कुठला!

मुळशीचा_मोहन
मग पिवळा भेक असेल, कोयनेत मी पाहिलाय.

कातळवेडी
मोहनदादा, कोयनेचा भेक वेगळा, त्याची नोंद १९६३ची. आंबोलीच्या भेकाचं वर्णन डॉ. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलं. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात टायगरिना. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. कर्वेनगरकर, नुसत्या अंड्यांवरून खात्री होत नाही. भेकाचा कुशीकडून फोटो टाका.

अ‍ॅक्वा_हडपसर
अंडी बादलीत घालून पुण्याला आणा. माझ्याकडे रिकामी टाकी आहे, पिल्लं झाली की परत सोडू.

कातळवेडी
नका हो! तिथलं तापमान, उथळ पाणी, शेवाळ टाकीत कुठून आणणार? आणि परत सोडताना पुण्यातला रोग तिकडे गेला तर? बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पाण्यातूनच पसरते.

अ‍ॅक्वा_हडपसर
जेसीबीखाली चिरडण्यापेक्षा टाकी बरी. मी पंधरा वर्षं मासे वाढवतोय.

कातळवेडी
मासे वेगळे. शिवाय अंडी वाचवलीत तरी सडा गेल्यावर सोडणार कुठे? हे भेक एरवी सुट्या दगडांखाली राहतात. जेसीबी आधी दगडच बाजूला करतो.

सिंहगडरोडवासी
आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत बेडूक येतात, त्यावर काही उपाय आहे का?

तलाठ्याचा_मुलगा
टाकीला जाळी लावा. कर्वेनगरकर, सातबारा कोणाच्या नावावर आहे? एनए (बिगरशेती) झालंय का?

कर्वेनगरकर
सामाईक आहे, बाबांचंही नाव आहे. एनएचं माहीत नाही. फोटो गावच्या भावाला सांगितलाय.

तलाठ्याचा_मुलगा
अहो, हे आधी सांगायचं! बाबा हिस्सेदार आहेत, त्यांनी आजच लेखी हरकत तलाठी आणि तहसीलदारांकडे द्यावी. पोच घ्या. एनए नसेल तर तोही मुद्दा घाला.

घाटवाट
ग्रामपंचायतीलाही अर्ज द्या. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. आंबोलीलाच हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशामुळे २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं, ते अर्जात नमूद करा. आणि पुण्यात आहात तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, फोटो घेऊन स्वतः जा.

मुळशीचा_मोहन
पहिल्या पावसात आंबोलीच्या रस्त्यावर गाड्यांखाली किती भेक मरतात, ते कोण थांबवणार? पुण्यातून वीकेंडला जाणारे आपणच.

घाटवाट
खरं आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा. इथे सोमवारचं बोलू.

कातळवेडी
काकांशी भांडणाआधी एकदा बोला. होमस्टे रस्त्याकडच्या मातीच्या भागात होत असेल तर कातळ आणि खळगे तसेच राहतील. पावसाळ्यात भेक बघायला लोक आंबोलीला येतातच. त्यांना सडाच नसेल तर काकांकडे कोण उतरणार?

कर्वेनगरकर
मातीचा भाग आहे, विहिरीजवळ. काकांना तिथे वाहनतळ करायचाय.

कातळवेडी
मग वाहनतळाची जागा बदलायला सांगा, पण कातळावर नको. गाड्यांचं तेल खळग्यांत उतरेल.

कर्वेनगरकर
फोटो आला, खाली टाकतोय. कुशीवर पट्टे आहेत. बाबांना हरकतीचं पटलंय, पण काका धाकटे, त्यांच्याविरुद्ध कागद द्यायला कचरतायत. आज रात्री दोघांना एकत्र फोनवर घेतो. अर्जाचा नमुना कोणाकडे आहे का?

तलाठ्याचा_मुलगा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. गट नंबर लिहायला विसरू नका.