टीएसएच आधी ७.२, आता ०.२ : कोणता अहवाल खरा मानावा?

मूळ प्रश्न (फोंडा)
गेले आठ महिने मला बरे वाटत नाही. सकाळी उठतानाच अंग जड असते, केस विंचरताना फणीत गुंतवळ येते आणि कार्यालयात इतरांना उकडत असताना मला शाल लागते. एप्रिलमध्ये टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक; थायरॉइड मंदावले की ते वाढते, जोरात चालले की घटते) ७.२ आणि फ्री टीफोर (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) १.१ आले, तेव्हा डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्यास सांगितले. गेल्या आठवड्यात दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासले, तर टीएसएच ०.२ आणि फ्री टीफोर २.३ आले. म्हणजे मंद असलेले थायरॉइड आता जोरात चालते आहे; त्रास मात्र तसूभरही बदललेला नाही. डॉक्टर सोमवारपर्यंत भेटणार नाहीत. कोणता कागद खरा, एवढेच कृपया सांगावे.

म्हापसा
वय, रक्त देण्याची वेळ आणि चालू औषधे यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. टीएसएच रात्री चढते आणि दुपारी उतरते, परंतु एवढी मोठी घसरण केवळ वेळेमुळे होत नाही. थायरॉइडची गोळी स्वतःहून सुरू केलीत का?

डिचोली
ताई, घरात मीठ कोणते वापरता? मिठागरावरचे गावठी मीठ असेल तर त्यात आयोडीन मिसळलेले नसते. आमच्या आईचा गळा सुजला तेव्हापासून आम्ही पाकिटातले मीठ आणतो.

म्हापसा
मिठाचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आहे, पण तीन महिन्यांत आकडे उलटे होण्याचे कारण त्यात सापडत नाही. शिवाय बिघडलेल्या थायरॉइडला आयोडीनचा अतिरेकही बाधतो, म्हणून ताईंनी आयोडीनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

मूळ प्रश्नकर्ती
वय ४१. रक्त दोन्ही वेळा सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी दिले. औषध कोणतेही चालू नाही. मे महिन्यापासून केसांच्या गोळ्या तेवढ्या घेते, त्यांचा इथे काय संबंध?

पणजी
मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून कळकळीने विचारते : त्या गोळ्यांत बायोटिन, म्हणजे केसांसाठी देतात ते ब गटातले जीवनसत्त्व, किती आहे?

मूळ प्रश्नकर्ती
बाटलीवर १० मिलिग्रॅम लिहिले आहे. रोज रात्री एक घेते. रक्त देण्याच्या आदल्या रात्रीही घेतली होती.

पणजी
मग दुसऱ्या अहवालावर विसंबू नका. अनेक यंत्रांच्या चाचणीत बायोटिन आणि त्याला धरून ठेवणारे प्रथिन स्ट्रेप्टॅव्हिडिन यांची घट्ट पकड वापरलेली असते. रक्तातच बायोटिन भरपूर असले, की तेच स्ट्रेप्टॅव्हिडिनवरच्या जागा अडवते. परिणामी टीएसएच खोटे कमी आणि फ्री टीफोर खोटे जास्त दिसते, म्हणजे हुबेहूब थायरॉइड जोरात चालत असल्याचे चित्र उभे राहते. सर्वच यंत्रांत असे होत नाही, म्हणून वापरलेली पद्धत प्रयोगशाळेला जरूर विचारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली या गफलतीबद्दल जाहीर इशारा दिला होता. गोळ्या किमान दोन दिवस, शक्यतो आठवडाभर थांबवा आणि पहिल्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी रक्त द्या.

मडगाव
माझे टीएसएच ६ होते आणि गोळी सुरू होताच मला हुशारी आली, तेव्हा उगाच वाट पाहू नये. गोळी मात्र पहाटे नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. मी तासाभराने चहा-पाव घेते आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीला चार तासांचे अंतर ठेवते.

म्हापसा
गोळी कशी घ्यावी हे ताईंनी विचारलेलेच नाही. टीएसएच १० च्या खाली आणि फ्री टीफोर योग्य असेल, तर सर्वांनाच गोळी लागते असे नाही. दिवस जाण्याची शक्यता, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) आणि हृदयाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात. तुम्हाला गुण आला याचा आनंद आहे, पण तोच नियम सर्वांना लावू नये.

पणजी
त्याच रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) आणि बी १२ तपासता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा. पाळीत रक्तस्राव जास्त होणाऱ्या स्त्रीचे हिमोग्लोबिन योग्य असूनही फेरिटिन तळाला गेलेले असू शकते, आणि थकवा व केसगळती त्यानेही होते.

मूळ प्रश्नकर्ती
पाळीचे तुम्ही लिहिले ते माझ्या बाबतीत खरे आहे; डॉक्टरांना ते मी कधी सांगितलेच नव्हते. केसांच्या गोळ्या आजपासून बंद केल्या आहेत. माझी बहीणही त्याच गोळ्या घेते आणि शुक्रवारी तिचे थायरॉइडसाठी रक्त द्यायचे आहे, म्हणून आधी तिला फोन करते.