शब्दचर्चा : ‘आवाज कमी कर’ म्हणजे नेमके काय कमी करायचे?

प्रश्न (कुडाळहून)

आमच्याकडील डबलबारी भजनांचे (दोन बुवांच्या, म्हणजे मुख्य गायकांच्या, भजनमंडळींत रंगणाऱ्या सामन्यांचे) ध्वनिमुद्रण आणि थेट प्रक्षेपण मी गेली काही वर्षे करीत आहे, आणि या कामात एका मराठी शब्दाची उणीव मला सतत जाणवते. माईक ऑडिओ इंटरफेसला (माईकचा संकेत अंकांत बदलून संगणकाला देणाऱ्या पेटीला) जोडलेला असतो, तेथून आवाज संगणकात येतो, तेथे व्हॉइसमीटर या सॉफ्टवेअर मिक्सरमधून जातो आणि शेवटी ओबीएस या मुद्रण-प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पोहोचतो. या वाटेवर तो कमी-जास्त करण्याच्या निदान चार जागा आहेत : इंटरफेसवरील गेनचा नॉब, विंडोजमधील ० ते १०० अशी माईकची पट्टी, व्हॉइसमीटरमधील उणे ६० ते अधिक १२ डेसिबलपर्यंत सरकणारा फेडर (पातळी ठरविणारी सरकती कळ) आणि ओबीएसमधील स्लायडर. बोलताना मात्र आपण चारही ठिकाणी ‘आवाज’ एवढेच म्हणतो.

त्याचा फटका मला चतुर्थीतील एका बारीत बसला. बुवांनी गजर (सर्वांनी मिळून जोरात म्हणायचा भाग) धरला, कोरस उभा राहिला, पखवाज चढला आणि ओबीएसचा मीटर लाल रंगात जाऊन आदळू लागला. मी सोबत्याला म्हणालो, “आवाज कमी कर.” त्याने व्हॉइसमीटरचा फेडर खाली ओढला, मीटर हिरव्या रंगात आला आणि आम्ही दोघेही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी मुद्रण ऐकले, तेव्हा पखवाजाच्या प्रत्येक थापेला कागद टरकावल्यासारखा आवाज येत होता; फरक एवढाच, की तो फाटका आवाज आता हळू ऐकू येत होता. नॉब उतरवायला हवा होता आणि उतरला फेडर. सोबत्याची यात काहीच चूक नाही, कारण माझ्या वाक्यात ते वेगळेपण नव्हतेच. या दोन क्रियांना दोन स्वतंत्र शब्द सुचवावेत, ही विनंती.

प्रतिसाद (अलिबागहून)

आपण सांगितलेला प्रकार आमच्या खारेपाटातील माणसाला लगेच कळेल. खाडीच्या बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याची वाट उघडण्या-मिटण्याची सोय, असते. तिचे दार भरतीच्या वेळी नीट बसले नाही, तर खारे पाणी भातशेतीत शिरते. एकदा ते शिरले, की नंतर खाचरातले पाणी कितीही उतरवले तरी मीठ जमिनीत राहतेच. आवाजाचेही तसेच आहे. तो अंकांत रूपांतरित होतो, तेथे ० डेसिबल ही वरची हद्द असते. त्यापलीकडे अंकच नसल्यामुळे लहरीचे शेंडे सपाट छाटले जातात. छाटलेला भाग पुढचा कोणताही फेडर परत आणू शकत नाही, कारण फेडरपर्यंत तो पोहोचलेलाच नसतो.

म्हणून मी ‘आवक’ हा शब्द सुचवितो. आंब्याची आवक, मासळीची आवक, कचेरीतील आवक-जावक नोंदवही अशा वापरामुळे ‘बाहेरून आत किती येते’ हा अर्थ त्यात आधीच मुरलेला आहे. “आवक कमी कर” म्हटले, की हात आपोआप माईक जिथे आत शिरतो त्या टोकाकडे जाईल. पुढच्या फेडरसाठी मात्र ‘जावक’ मुद्दाम घडवू नये. “फेडर उतरव” हे सर्वांच्या तोंडी बसलेले आहे आणि त्यात संदिग्धता नाही.

एक भेद पाळावा. गेन म्हणजे आवक नव्हे. गेन म्हणजे माईककडून आलेला क्षीण संकेत किती पटींनी वाढवायचा ते प्रमाण, तर आवक म्हणजे त्या वाढीनंतर प्रत्यक्ष आत आलेली पातळी. नॉब न हलवता बुवा माईकच्या जवळ सरकले, तर गेन तोच राहतो आणि आवक वाढते. त्यामुळे गेनला ‘गेन’च म्हणावे, ‘लब्धी’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष असला, तरी भर गजरात तो कोणी उच्चारील असे मला वाटत नाही.

‘फाटणे’ आणि ‘छाटणे’ हे दोन्ही शब्द ठेवावेत. कानाला आवाज फाटतो. पडद्यावर लहर छाटली जाते. ‘विरूपण’ हा पारिभाषिक शब्द यांपैकी कशाचेच चित्र उभे करीत नाही.

प्रश्नकर्ता (कुडाळहून)

‘आवक’ मनापासून पटला. याच निमित्ताने आणखी एक घोटाळा नोंदवितो. बुवा पेटीवाल्याकडे पाहून “वर घे” म्हणतात, तेव्हा त्यांना गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सूर, वर हवी असते : पेटीच्या काळी चारऐवजी काळी पाच. मिक्सरपाशी बसलेला नवखा मुलगा ते ऐकून माईक वाढवितो. ‘चढा आवाज’ या शब्दप्रयोगातही उंची आणि मोठेपणा असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यामुळे आमच्या मंडळींत ‘वर’ आणि ‘चढव’ हे शब्द पट्टीसाठीच राखून ठेवावेत आणि माईकच्या बाबतीत ‘वाढव’ म्हणावे, असे मी ठरविले आहे.

‘उणे’ या शब्दानेही लोक बिचकतात. मीटरवर उणे १२ दिसले, की काहीतरी कमी पडते आहे असे वाटून ते शून्याकडे ढकलू लागतात. येथे उणे म्हणजे हद्दीपासून किती खाली, इतकेच. सुमारे ६ डेसिबल वाढले, की संकेताची उंची दुप्पट होते, म्हणून उणे ६ वर असलेला माणूस दुप्पट जोराने गायला तर थेट हद्दीला टेकतो. या मोकळ्या जागेला मी ‘वाव’ म्हणतो. चोवीस बिटांचे (म्हणजे बारीक मोजमापाचे) मुद्रण असेल, तर भरपूर वाव सोडल्याने काही बिघडत नाही. नंतर आवाज वाढविता येतो.

आणि आवक पाहायची ती गजरातच. आरंभीच्या शांत आलापावर नॉब ठरविला, की पुढे हमखास फाटते. आता बारी सुरू होण्यापूर्वी मी बुवांना गजराच्या दोन ओळी कोरससकट म्हणायला लावतो, आणि इंटरफेसवर चिकटविलेल्या कागदावर लिहून ठेवले आहे : “गजरात आवक उणे १० च्या वर नको. फाटले तर आधी नॉब, मग फेडर.”