मदत हवी आहे: मधाच्या स्लाइडवर संत्रा अन् कडुनिंबाचे पराग वेगळे कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी, मी नागपूरला बॉटनीत एमएस्सी करून राहिलो. काटोलकडे काकाजींची संत्र्याची बाग आहे, त्यात सातेरी मधमाश्यांच्या आठ पेट्या. यंदा आंबिया बहर (हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं) असा फुलला होता की सकाळी बागेत शिरलं की नुसती गुणगुण, अन् मार्चच्या शेवटी मध काढला तर वाससुद्धा संत्र्याच्या फुलाचाच. म्हणून काकाजींनी बरण्यांवर 'संत्रा मध' लिहिलं. पण घेणाऱ्याने सगळा माल परत केला, म्हणे तपासणीत संत्र्याचे पराग ४५ टक्के भरले नाही, हा संत्र्याचा मधच नाही. काकाजी तेव्हापासून गप्प गप्प आहेत, म्हणून मीच बघायला घेतलं.

१० ग्रॅम मध २० मिली कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला, सेंट्रिफ्यूज करून गाळ धुतला, सॅफ्रॅनिन रंग टाकलेल्या ग्लिसरीन जेलीत स्लाइड केली. ३०० कण मोजले. सर्वात जास्त निघाला सांभार, म्हणजे कोथिंबीर! लांबुळके, कमरेत आवळलेले कण, अन् शेजारच्या वावरात बियाण्यासाठी सांभार सोडलेलाच होता. मग सूर्यफुलाच्या कुळातले काटेरी गोल, थोडी बाभूळ. मका वेगळा काढला, त्यात मकरंद नसतो.

अन् ५२ कण चार खाचांचे, इथंच गाडी अडली. संत्र्याला चार-पाच खाचा अन् वर जाळी, निंबालाही चारच खाचा पण कण गुळगुळीत, आणि धुऱ्यावर तीन निंब आहेत जे मार्चमध्ये फुलले होते. ४०० पटीवर फोकस वरखाली केला की काही कणांवर जाळी दिसते, काहींवर नाही, अन् मला ती दिसायला हवी आहे म्हणून दिसते का हेही कळत नाही.

लिंबूवर्गीय झाडांचे पराग मधात मुळातच कमी उतरतात, त्यामुळे तिथे ४५ ची अट न लावता १० ते २० टक्केही चालतात असं वाचलंय. ५२ च्या ५२ संत्र्याचे असले तर १७ टक्के होतात, पण निम्मे निंबाचे निघाले तर आमचं म्हणणं संपलं. लेबल चुकीचं असेल तर काढून टाकू, काकाजी स्वतःच तसं म्हणाले.

तर अॅसिटोलिसिस (अॅसिडने कण आतून साफ करणं) न करता जाळी नक्की दिसते का? आमच्या लॅबचं फ्यूम हूड बंद आहे, सल्फ्युरिक अॅसिड अन् अॅसेटिक अॅनहायड्राइड उघड्यावर मिसळायची माझी हिंमत नाही. नुसतं ऑइल इमर्शन (तेलाचा थेंब टाकून जास्त पटीच्या भिंगाने बघणं) पुरतं का? आणि बाभळीचा सोळा कणांचा चिकटलेला गोळा एकच मोजायचा ना? मी एकच धरलाय, सोळा धरले तर सगळे टक्के बदलतात.

निंबाची रेफरन्स स्लाइड मी करून घेईन, पण संत्र्यावर आता एक फूल नाही, पावसाळ्यातला मृग बहर येईपर्यंत थांबावं लागेल. कुणाकडे संत्र्याची स्लाइड असेल तर सांगा, नागपुरात कुठंही येऊन बघून जातो.