मदत हवी आहे: फोन रूट करायचाय, रविवारच्या आत

सायनचा_सख्या (गुरुवार, रात्री ११.४०)
मंडळी, फोन रूट करायचाय, म्हणजे कंपनीने बंद ठेवलेला सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायचाय. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले, चौघांचं चार तऱ्हेचं. एकाने सांगितलेलं ‘एका क्लिकमध्ये रूट’वालं ॲप टाकलं, ते अर्धा तास गोल गोल फिरून ‘फेल्ड’ म्हणतंय. कॉम्प्युटर न लावता होईल असा खात्रीचा मार्ग सांगा. रविवारच्या आत हवंय. कशाला करतोयस, हे कृपया विचारू नका.

लॅमिंग्टनवारी (रात्री ११.५२)
मॉडेल? अँड्रॉइड कुठलं? बूटलोडर अनलॉक आहे का? तिन्हीचं उत्तर दे, मग बोलू.
आणि ते ॲप आत्ताच्या आत्ता काढ. तसली ॲप्स जुन्या अँड्रॉइडमधल्या फटी वापरून आत शिरायची. त्या फटी केव्हाच बुजल्या. आता त्यांच्याकडून रूट होत नाही, पण तू दिलेल्या परवानग्या घेऊन ती बसून राहतात.

नाना_मुलुंड (शुक्रवार, सकाळी ६.१०)
जागेसाठी करत असाल तर रूटची अजिबात गरज नाही. कंपनीने आधीपासून कोंबलेली ॲप्स एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायचं टूल) काढता येतात. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करायचं, आणि एकेक पॅकेज आपल्या यूजरपुरतं काढून टाकायचं. चुकलं तर फॅक्टरी रिसेटने सगळं परत येतं. मी सौ.च्या फोनमधून २३ ॲप्स काढली. यादी हवी असल्यास देतो.

सायनचा_सख्या (सकाळी ८.०५)
नाना, जागेचा प्रश्नच नाहीये! आणि कॉम्प्युटर नको म्हटलं ना.
मॉडेलचं नाव टाकत नाही, लगेच ब्रँडवरून मारामाऱ्या सुरू होतात. अँड्रॉइड १० आहे, २०२० ला घेतलेला. बूटलोडरचं माहीत नाही. ते कुठे दिसतं?

लॅमिंग्टनवारी (सकाळी ८.२०)
बूटलोडरचं माहीत नाही म्हणजे लॉकच आहे. फोन सुरू होताना आधी बूटलोडर जागा होतो आणि पुढची सिस्टिम कंपनीचीच आहे का ते तपासतो. रूट करायचं तर आधी ही राखण उठवावी लागते. ती उठवली की फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, मेसेज, सगळं. ही चूक नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. नाहीतर कोणीही तुझा फोन उचलून अनलॉक करून आतलं वाचलं असतं.
कॉम्प्युटरशिवाय जवळपास अशक्य. आणि रविवारचं विसर. शाओमीचा असेल तर अनलॉकची परवानगी मागून कित्येक मॉडेल्सना १६८ तास थांबावं लागायचं. नव्या सिस्टिमवर तर त्याहून कटकट.

रात्रपाळी (सकाळी ९.३१)
एवढं घाबरवू नका हो पोराला. माझ्या जुन्या फोनला कंपनीने अपडेट देणं बंद केलं, मी लिनिएजओएस टाकलं, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमऐवजी अँड्रॉइडवरचीच दुसरी, मोफत सिस्टिम. (सायनोजेनमॉड २०१६ च्या डिसेंबरात बंद पडलं तेव्हा त्यातूनच हे निघालं. जुनी मंडळी ओळखतील.) तीन वर्षं झाली, मस्त चालतोय. गावी आईकडे हॉटस्पॉट म्हणून ठेवलाय. जाहिराती होस्ट फाइलमधूनच बंद, बॅटरी दीड दिवस. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूवर स्वतःचा हक्क नको?

अस्मि_गोरेगाव (सकाळी ९.४८)
रात्रपाळी, त्या फोनवर यूपीआय आहे का तुमचं?

रात्रपाळी (सकाळी ९.५५)
नाही. त्यासाठी दुसरा फोन आहे.

अस्मि_गोरेगाव (सकाळी १०.०२)
हेच विचारायचं होतं. रूटचे फायदे सांगणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात दुसरा फोन असतो.
सख्या, रोजचा फोन हाच एक असेल तर दहादा विचार कर. मी केलाय हा उद्योग. बँकेचं ॲप उघडलं की ‘हे डिव्हाइस सुरक्षित नाही’ आणि बंद. फोन मूळ अवस्थेत आहे का ते ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात. रूट लपवायचे मोड्यूल (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मिळतात, पण आज चालतं, पुढच्या महिन्यात बंद पडतं, आणि ते नेमकं वाण्याच्या दुकानात क्यूआर स्कॅन करताना कळतं. बऱ्याच फोनवर ओटीटीचं एचडी पण जातं. सॅमसंगमध्ये तर नॉक्सचा (त्यांची सुरक्षा यंत्रणा) फ्यूज एकदा उडाला की कायमचा. नंतर मूळ सिस्टिम परत टाकली तरी सिक्युअर फोल्डर मिळत नाही.

घाटकोपर_जलद (सकाळी १०.४०)
आयफोन घे आणि मोकळा हो. 😌

परळकर (सकाळी ११.१५)
एक कोणी बोललंच नाही. लोकलच्या गर्दीत फोन मारला गेला तर? बूटलोडर लॉक असेल तर चोराला तुझ्या लॉक स्क्रीनपुढे आणि गूगल अकाउंटपुढे डोकं आपटावं लागतं. उघडा असेल तर तो स्वतःची सिस्टिम टाकून फोन विकून मोकळा. आणि रूट म्हणजे नुसतं तुझ्या हातात किल्ली नाही. ज्या ॲपला तू ‘हो’ म्हणशील त्याच्याही हातात. एरवी प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत असतं. रूट मिळालेलं ॲप शेजारच्या खोलीतलं कपाटसुद्धा उघडतं.

रात्रपाळी (सकाळी ११.२२)
मॅजिस्क (ज्याने रूट करतात ते ॲप) दरवेळी विचारतं, कुणाला रूट द्यायचं ते. सरसकट वाटत सुटत नाही. अज्ञानातून भीती पसरवू नये. (हलके घ्या.)

परळकर (सकाळी ११.३०)
विचारतं, हो. आणि आपले लोक काय करतात? काल ‘फेल्ड’वाल्या ॲपला सगळ्या परवानग्या देऊन झोपणारा माणूस याच धाग्यात आहे.

सायनचा_सख्या (दुपारी १.१०)
माझ्यावर घसरू नका, जेवायच्या सुट्टीत टाइप करतोय. यूपीआय ह्याच फोनवर, लोकलचा पास ह्यातच, ऑफिसची हजेरीपण ह्यातच.
बरं, सांगतो. कॉल रेकॉर्ड करायचेत. समोरच्याला न कळता. माझ्या फोनमध्ये गूगलचा डायलर आहे, रेकॉर्ड दाबलं की ती बाई मोठ्याने सांगते की कॉल रेकॉर्ड होतोय. प्ले स्टोअरवरची चार ॲप्स टाकली, त्यात माझा आवाज येतो, समोरचा नाही.

लॅमिंग्टनवारी (दुपारी १.२५)
हे काल रात्रीच सांगितलं असतंस तर! गूगलने मे २०२२ मध्ये ॲक्सेसिबिलिटी (अपंगांसाठीची फोनमधली सोय) वापरून रेकॉर्ड करणाऱ्या ॲप्सना प्ले स्टोअरवर बंदी केली. म्हणून ती सगळी लंगडी आहेत. रूट केल्यावर मॅजिस्कमध्ये बीसीआर नावाचं मोड्यूल टाकता येतं, अँड्रॉइड ९ च्या पुढे चालतं, दोन्ही बाजूंचा आवाज येतो. पण एका रेकॉर्डरसाठी एवढा खटाटोप? सॅमसंगच्या डायलरला भारतात रेकॉर्डिंग आधीपासून आहे, घोषणेशिवाय. घरात कोणाचा असेल तर सिम त्यात टाक.
आणि घाटकोपरवाले, तुमच्या आयफोनमध्ये १८.१ पासून रेकॉर्डिंग आलं, पण घोषणा तिथेही होते.

घाटकोपर_जलद (दुपारी १.३१)
😶

मुलुंडची_मावशी (दुपारी २.००)
कोणाचे कॉल रेकॉर्ड करतोयस रे? बायकोचे असतील तर मी या धाग्यातून बाहेर.

सायनचा_सख्या (दुपारी २.२०)
नाही हो मावशी, लग्नच झालं नाहीये. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट आहे. बिल्डरचा माणूस बाबांना फोनवर सांगतो, भाडं इतकं देऊ, शिफ्टिंगचे पैसे वेगळे, ११ महिन्यांचे चेक आगाऊ. मीटिंगमध्ये विचारलं की म्हणतो, असं मी कधी बोललोच नाही. बाबा सगळ्यांसमोर खोटे पडतात. रविवारी सभा आहे, त्याच्या आत त्याचं बोलणं पकडायचंय.

नाना_मुलुंड (दुपारी २.४५)
अहो, हे महत्त्वाचं! आमची सोसायटी यातून गेली आहे. ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय वाचा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा. विकासक निवडायच्या सभेचं चित्रीकरण करायला त्यातच सांगितलंय. फोन फोडण्यापेक्षा सभा रेकॉर्ड करा. बाबांनी सगळ्यांसमोर, कॅमेरा चालू असताना विचारायचं, “भाड्याचा आकडा सांगा.” आमचे विकासक तर आधी म्हणाले होते पार्किंग दोन, मग एक, मग स्टॅक पार्किंग...

मुलुंडची_मावशी (दुपारी ३.०५)
नाना, कुठली सोसायटी? स्टेशनजवळची? आमच्याकडे कॉर्पस फंडावरून अजून भांडणं चालू आहेत.

कलम_कागद (दुपारी ४.१८)
वकील आहे, पण हा सल्ला फुकटचा समजा.
रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर नुसती फाइल चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे (जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब). त्याखाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. आता विचार करा, फोन रूट केलेला, बूटलोडर उघडा, रेकॉर्डर बाहेरून आणलेला. समोरच्या वकिलाला उलटतपासणीत आणखी काय हवं? ज्या कामासाठी रूट करताय, त्याच कामात ते आडवं येऊ शकतं.
त्यापेक्षा त्या माणसाला आज ईमेल करा. “काल झालेल्या बोलण्यानुसार भाडं अमुक, शिफ्टिंग तमुक, चूक असल्यास कळवावे.” सोसायटीच्या सेक्रेटरीला सीसी.

रात्रपाळी (दुपारी ४.३०)
ईमेलला बिल्डर उत्तर देतो होय? कुठल्या मुंबईत राहता?

कलम_कागद (दुपारी ४.३६)
न देऊ दे. पाठवल्याची तारीख तर राहते ना.

अस्मि_गोरेगाव (संध्याकाळी ५.१०)
आणि सख्या, अगदीच आवाज हवा असेल तर स्पीकर चालू कर आणि बाजूला दुसऱ्या फोनचा व्हॉइस रेकॉर्डर. पंखा बंद ठेव फक्त.

सायनचा_सख्या (सोमवार, रात्री १०.१५)
अपडेट. रूट केलं नाही. शुक्रवारी रात्री ईमेल टाकला, सेक्रेटरीला सीसी करून. शनिवारी सकाळी सातला बिल्डरच्या माणसाचा बाबांना फोन, “अहो, मेल कशाला, आपण घरचेच.” बाबांनी मुद्दाम गूगलचं रेकॉर्डिंग दाबलं. बाई बोलली आणि ह्याने कॉल कट केला. 😂 रविवारी कॅमेऱ्यासमोर भाड्याचा आकडा सांगितला, फोनवरच्यापेक्षा ४ हजारांनी कमी. शिफ्टिंगचं पुढच्या सभेत. म्हणजे अजून लटकलेलंच आहे. नाना, तो शासन निर्णय सेक्रेटरींनी प्रिंट काढून वाटला, धन्स.
जाता जाता, बाबांचा २०१७ चा जुना फोन कपाटात पडलाय. त्यावर रूट शिकायचं म्हणतो. लॅमिंग्टनवारी, मॉडेल व्यक्तिगत निरोपात पाठवलंय.

लॅमिंग्टनवारी (रात्री १०.५०)
बघितला. त्याचा बूटलोडर उघडायला कंपनीचा कोड लागतो, आणि तो कोड देणं कंपनीने केव्हाच बंद केलंय. दुसरा फोन शोध. आणि ह्या वेळी मॉडेल आधी सांग.