कामाइरिचा आणि मातीची किटली

इंदिरानगर, नाशिक: जावयांनी जपानहून कामाइरिचा हा ग्रीन टी आणि तोकोनामे या गावची बिनचकाकीची मातीची किटली आणलीय. धुवायची कशी? आमच्या बाई सगळ्यालाच साबण फासतात!

पंचवटीकर: साबण नकोच, माती वास धरते. पत्ती काढून गरम पाण्याने विसळा, झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवा. तोटीच्या जाळीला मऊ ब्रश.

इंदिरानगर: आणि पाणी उकळतं घालायचं?

कॉलेजरोडकर: थोडं निवू द्या, ८०-९० अंश. बहुतेक जपानी ग्रीन टी वाफवतात; हा लोखंडी कढईत भाजतात, म्हणून खमंग. जपानच्या क्यूशू बेटावरचं उरेशिनो गाव यासाठी जुनं नावाजलेलं.

पंचवटीकर: काकू, त्या किटलीत मसाला चहा मात्र एकदाही नको. आल्या-वेलचीला भांडी बाजारातलं पितळी पातेलं आहेच की!