मोकळ्या हवेचे मूळ प्लेगमध्ये
दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींचे आकर्षण म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, हे काहींचे मत मला अपुरे वाटते. मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हा भाग आखताना दाटीवाटीच्या वस्तीचा धडा लक्षात ठेवला, आणि म्हणूनच हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत इमारतींमध्ये अंतर, दुतर्फा झाडे आणि फाइव्ह गार्डन्ससारखी मोकळी जागा आढळते. भर मे महिन्यात त्या सावलीतून बाजारात चालत जाता येणे ही भावुकता नव्हे, रोजची सोय आहे. (लिफ्ट नसलेल्या इमारतीत गॅसचा सिलिंडर वर चढवणाऱ्याचे मत अर्थात वेगळे असू शकते.) पुनर्विकासाच्या आराखड्यांत इमारतींमधले हे अंतर कितपत राखले जाणार, एवढाच माझा प्रश्न आहे.